एक डेनिम जॅकेट, पाच फुटांच्या आतली उंची आणि साठीपुढचं वय

अमेरिकेतल्या कपड्यांच्या दुकानांत ‘पेटीट’ नावाचा वेगळा विभाग असतो. साधारण पाच फूट चार इंच आणि त्याहून कमी उंचीच्या बायकांसाठी. मुलीकडे गेले होते तेव्हा हे कळलं आणि हसूच आलं. त्या हिशोबाने आमची अख्खी आळी, भिशीचा ग्रुप आणि माहेर-सासरच्या मिळून जवळपास सगळ्याच बायका पेटीट. आपल्याकडे बाईची सरासरी उंचीच पाच फुटांच्या आसपास. मी त्यातही ठेंगणी, चार फूट दहा इंच. वय सदुसष्ट. कॉलेजात असताना चार फूट अकरा होते. मधला एक इंच कुठे गेला म्हणाल, तर मणक्यांनी गिळला.

तर अशा उंचीच्या आणि अशा वयाच्या बाईने एकच डेनिम जॅकेट रोजच्या कपड्यांवर कसं कसं घालावं, ते सांगते. कार्यालयातल्या लग्नाबिग्नासाठी नाही. मंडई, भिशी, सिनेमा, नातवाची शाळा, फार तर महाबळेश्वर, एवढ्यापुरतं. माझ्याकडे गेली चार वर्षं एकच आहे आणि दुसरं घ्यावंसं वाटलेलं नाही.

घालायच्या सगळ्या प्रकारांत मी एकच गोष्ट बघते: जॅकेट कुठे संपतं, आणि त्याच्या खालचा कपडा कुठे संपतो. उंच बाईच्या अंगावर या दोन रेघा इकडेतिकडे झाल्या तरी चालून जातं. आपल्याकडे मुळात जागाच कमी. एक रेघ चुकली की माणूस मधोमध कापल्यासारखं दिसतं.

विकत घेण्याआधी

आधी स्वतःचं माप घ्या, आणि आजचं घ्या. वीस वर्षांपूर्वी शिंप्याच्या वहीत लिहिलेलं माप आता खरं नाही. मानेच्या मागे जे हाड हाताला लागतं तिथून कमरेपर्यंत टेप धरायला कोणाला तरी सांगा. माझं हे माप चौदा इंच भरतं. दुकानातली बरीच जॅकेटं वीस-बावीस इंच लांबीची असतात, म्हणजे माझ्या बैठकीच्या मधोमध येऊन थांबतात. तिथे थांबलेलं जॅकेट कोणाही ठेंगण्या बाईला आणखी तीन इंच बुटकं करतं. मला सतरा ते अठरा इंच बरोबर होतं, कमरेच्या हाडाला जेमतेम टेकणारं. तुमचा आकडा वेगळा येईल, पण टेकण्याची जागा तीच ठेवा.

मुलांच्या विभागात जायला लाजू नका. बारा-चौदा वर्षांच्या मुलांची जॅकेटं खांद्याला आणि बाहीला आपल्याला अनेकदा चपखल बसतात, आणि बायकांच्या विभागापेक्षा स्वस्तही पडतात. छातीला मात्र घालूनच बघावी लागतात. मी तीन घातली, तिन्ही छातीला अडली. माझ्या किडकिडीत धाकट्या बहिणीला मात्र पहिलंच बसलं आणि आजतागायत ती ते मिरवते आहे.

घालून बघताना आरशासमोर नुसतं उभं राहून भागत नाही. वरच्या फडताळातला डबा काढतो तसे दोन्ही हात वर करा. मुंढ्यात आवळलं तर ते जॅकेट नको. मग खुर्चीवर बसा. बसल्यावर खालची पट्टी मांडीवर आपटून कॉलर हनुवटीपाशी येत असेल, तर ते लांब आहे, दुकानदार काहीही म्हणो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी, अर्धा इंचही खाली घसरलेली नको. आणि मागून कोणाला तरी बघायला सांगा. या वयात पाठीला थोडी गोलाई येते, त्यामुळे जॅकेट मागून वर उचललं जातं आणि पुढून लोंबतं. किंचित ताणलं जाणारं कापड असेल तर हा दोष पुष्कळ झाकला जातो. लेबलावर सुताबरोबर एक-दोन टक्के लायक्रा किंवा स्पॅन्डेक्स लिहिलेलं आहे का बघा.

वजनही हातात घेऊन बघा. डेनिमचं वजन कापडाच्या चौरस यार्डामागे औंसात मोजतात. बारा-चौदा औंसांचं कापड म्हणजे अंगावर चिलखत. आपल्याला सहा ते आठ औंसांचं पुरे. लेबलावर हे क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून एक सोपी परीक्षा: बाहीची मूठभर घडी करून सोडा. कापड लगेच पडलं तर घालण्याजोगं, पुठ्ठ्यासारखं उभं राहिलं तर परत ठेवा.

रंग मध्यम ते गडद निळा घ्या. फिका, जागोजागी पांढरा पडलेला अंगाला रुंद दाखवतो. फाटकं, टिकल्यांचं, पाठीवर वाघाचं तोंड असलेलं ज्यांना आवडतं त्यांनी जरूर घ्यावं, पण मग ते पाच प्रकारांनी घालता येणार नाही. दरवेळी फक्त वाघ दिसेल.

शिंप्याकडे

बाही जवळपास नक्कीच लांब निघते. आधी ती दुमडून बघा, कारण दुमडलेली बाही या जॅकेटला शोभते. मनगटाचं हाड दिसलं की हात लांब वाटतात. पाटल्या-बांगड्या रोजच्या असतील तर त्या बंद कफात मावत नाहीत, तेव्हा दुमडणं असंही भागच आहे. दोनदा दुमडूनही बाही बोटांवर येत असेल तरच शिंप्याकडे जा. त्याला कफ उसवायला सांगा, वरून कापायला सांगा आणि तोच कफ परत बसवायला सांगा. बाही नुसती खालून कापून दुमड घातली तर जॅकेट उधारीचं दिसतं.

लांबी कमी करताना जास्त जपावं लागतं. खालची पट्टी उसवून, मधलं कापड कापून, पट्टी पुन्हा जोडतात. मी दोन इंच कमी करा म्हटलं तर आमचे शिंपी म्हणाले, “काकू, दोन इंच घेतले तर खिसा पट्टीत जाईल. दीड घेतो.” तेच बरोबर होतं. बाजूचे खिसे जिथे संपतात त्याच्या वरती कात्री नेता येत नाही. म्हणून मुळातच लांब जॅकेट “नंतर कमी करून घेऊ” म्हणत घेऊ नका.

घरी मशीनवर करणार असाल तर सोळा नंबरची सुई लावा. रोजची बारीक सुई जाड शिवणीवर पहिल्याच फेऱ्यात मोडते. दोरा मोहरीच्या रंगाचा घ्या, म्हणजे मूळच्या टिपेशी जुळतो.

आता माझी हौस. ओटीत आलेले खण प्रत्येकीच्या कपाटात गठ्ठ्याने पडलेले असतात. ना त्यांचं पोलकं होत, ना ते टाकवत. त्यातला एक खरा, बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा विणीचा खण निवडा, आधी धुऊन घ्या म्हणजे आटायचा तो आटतो, आणि तीन इंचांची पट्टी कापून कफाच्या आतल्या बाजूने हातशिलाईने लावा. बाही दुमडली की मनगटाशी हिरव्या किंवा लालचुटूक खणाची रेघ दिसते. बाही सोडली की कोणाला पत्ताही लागत नाही. माझ्या जॅकेटची चौकशी होते ती या तीन इंचांमुळे.

पहिलं धुणं

नवीन डेनिम पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत रंग सोडतं. त्यात उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे पांढरे असतात. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यात न शिरता वरवर बसतो, म्हणून घासला की उतरतो. मीठ आणि व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही बुडवलं होतं. त्याने निळीला काही फरक पडत नाही. उलटं करून, गार पाण्यात, एकटंच दोन-तीनदा धुणं एवढाच उपाय.

मी तो नीट केला नाही आणि मोतिया रंगाच्या साडीवर जॅकेट घालून रिक्षाने तासभर गेले. घरी येऊन बघते तर कमरेच्या दोन्ही बाजूंना निळे पट्टे, थेट खालच्या पट्टीच्या मापाचे. अजून पूर्ण गेलेले नाहीत. आता ती साडी बिचारी नेहमी जॅकेटखालीच नेसते.

जाता जाता एक गंमत. मुंबईतल्या डोंगरीच्या बाजारात एक जाडंभरडं सुती कापड मिळायचं. इंग्रजांनी ते ‘डंगरी’ म्हणून नेलं आणि त्यावरून कामगारांच्या कपड्याला डंगरी नाव पडलं. तेव्हा या जातीचं कापड आपल्याला शोभतं का, असं कोणी विचारलं तर डोंगरीचं नाव सांगायला हरकत नाही.

पहिला प्रकार: एकाच रंगाचा कुर्ता-पॅन्ट

नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी, कारण यात चुकायला वाव नाही. कुर्ता आणि पॅन्ट एकाच रंगाची घ्या. काळी, गडद जांभळी, मरून, कोणतीही. जॅकेट वरून उघडं. पुढून गळ्यापासून घोट्यापर्यंत रंगाची एक सलग पट्टी दिसते आणि जॅकेट तिच्या दोन बाजूंना चौकटीसारखं राहतं. उंची वाढत नाही, पण नजर मध्ये कुठे अडत नाही.

कुर्त्याची लांबी मांडीच्या मध्यावर येईल एवढी ठेवा. पॅन्ट सरळ किंवा खाली किंचित निमुळती, घोटा दिसेल एवढी. पलाझो आवडत असेल तर कुर्ता आणखी आखूड लागतो. एरवी खाली घेर आणि वर जॅकेट, दोन्हीकडून फुगवटा येतो.

दुसरा प्रकार: गुडघ्याखालचा लांब कुर्ता

आपल्या बहुतेकींच्या कपाटात हेच असतात, चव्वेचाळीस-सेहेचाळीस इंची. यावर जॅकेट कठीण जातं, खोटं कशाला सांगू. जॅकेट कमरेला संपतं, कुर्ता पोटरीवर संपतो, त्याखाली सलवारचे चार इंच, आणि आपले तीन तुकडे होतात. तरी घालायचंच असेल तर कुर्ता बाजूने वरपर्यंत कापलेला घ्या आणि सलवार त्याच रंगाची. मोठ्या नक्षीचा, खाली रुंद काठ असलेला कुर्ता यावर नको. ओढणी तर नकोच. गळ्यात ओढणी, वर कॉलर, त्यावर चष्म्याची दोरी आणि मंगळसूत्र, एवढी गर्दी आपल्या छोट्या मानेला झेपत नाही.

तिसरा प्रकार: लांब सुती ड्रेस

मुलगी म्हणाली, “आई, मॅक्सी घाल ना त्याखाली.” मी म्हटलं, घरात घालतात ती मॅक्सी घालून बाहेर कुठे जाऊ? तिला पायघोळ ड्रेस म्हणायचा होता. तेव्हापासून आमच्याकडे हा प्रकार ‘बाहेरची मॅक्सी’ या नावानेच ओळखला जातो.

घोट्याच्या वर तीन-चार बोटं थांबणारा, कमरेला थोडा बसणारा, बारीक नक्षीचा सुती ड्रेस घ्या. कमरेची शिवण आणि जॅकेटची खालची कड एकमेकींवर आल्या की काम झालं. पायात सपाट कोल्हापुरी किंवा अंगठ्याची चप्पल, जिच्यात पायाचा वरचा भाग दिसतो. घोट्याला पट्टा असलेली चप्पल पाय तिथेच तोडते. ज्यांना पाय दाखवायचा संकोच वाटतो त्यांनी आत अंगाच्या रंगाची लेगिंग घालावी. मी हिवाळ्यात तशीही घालते.

चौथा प्रकार: साडी

इथे थोडं थांबते, कारण मला विचाराल तर हे जॅकेट सगळ्यांत छान साडीवरच दिसतं. कारण साधं आहे. साडी कमरेपासून जमिनीपर्यंत सलग पडते आणि जॅकेट नेमकं निऱ्या सुरू होतात तिथे संपतं. वर थोडं, खाली पुष्कळ. ठेंगण्या बाईला हवं ते हेच.

साडी मऊ निवडा. कांजीची, खळ दिलेली कडक साडी आत फुगते आणि जॅकेट टोपासारखं उभं राहतं. बारा वेळा धुतलेली इरकल, मलमल, लिनन, मऊ नारायणपेठ, यांतली कोणतीही चालेल. काठ दोन-तीन इंचांचा बरा. हातभर रुंद काठाची साडी लग्नासाठी राहू द्या. ब्लाउजची बाही आखूड हवी. कोपरापर्यंतची बाही जॅकेटच्या बाहीत गोळा होते आणि दर पाच मिनिटांनी आत हात घालून ती ओढत बसावं लागतं.

खरी अडचण पदराची. जॅकेट पदरावरून घातलं की मागे, पट्टीखाली, पदराचं टोक शेपटीसारखं लोंबतं. पदर जॅकेटवरून घेतला तर दिसतो छान, पण सिनेमागृहातून बाहेर पडल्यावर उकडलं तर जॅकेट काढणार कसं? पिन काढा, पदर सोडा, तेही चारचौघांत. यावर उत्तर आपल्या आयांनी कधीच शोधून ठेवलंय: पदर खोचा.

असं करा. साडी नेहमीसारखी नेसा, पण पदर गुडघ्यापर्यंत पोहोचेल एवढा लांब काढा. पदराच्या चार-पाच बोटं रुंदीच्या चुण्या घालून डाव्या खांद्यावर पिन लावा. पिन ब्लाउजच्या आतून घ्या, तिचं डोकं वर राहिलं तर जॅकेटच्या आतल्या शिवणीत अडकतं. मग पाठीवरचा पदर उजव्या बगलेखालून पुढे आणा आणि डाव्या कमरेशी, निऱ्यांच्या वर, खोचा. जॅकेट याच्यावरून घालायचं. मागे शेपूट नाही, पुढून जॅकेटच्या दोन पाखांमध्ये पदराचा काठ तिरका येतो, आणि हात दोन्ही मोकळे. बस पकडायची असो की नातवाला उचलायचं असो, पदर जागचा हलत नाही. काढायचं झालं तर जॅकेट नुसतं उतरवायचं.

पहिल्यांदा असं करून भिशीला गेले तेव्हा एकीने विचारलं, “हे काय, कामाला निघालीस की काय?” मी म्हटलं, हो. पुढच्या महिन्यात तिच्या अंगावर सुनेचं जॅकेट होतं. लांब होतं, पण मी काही बोलले नाही.

बटणं लावून, खांद्यावर टाकून

बटणं लावून ते शर्टासारखंही घालता येतं. आत फक्त पातळ बनियन किंवा टी-शर्ट. वरचं एक आणि खालची दोन बटणं उघडी ठेवा. सगळी लावली तर आपण टपाल वाटायला निघालोय असं वाटतं. बोटं आखडत असतील तर खटक्याची बटणं बसवून घ्या. शिंपी करून देतात.

सिनेमागृहात, बँकेत, दवाखान्यात एसी लागला की नुसतं खांद्यावर टाकावं. कमरेला बाह्या बांधून मात्र नको. कॉलेजातल्या मुली बांधतात, पण आपल्याला नेमकं जिथे रुंद दिसायचं नाही तिथेच गाठ येते.

खांदा आखडलेला असेल तर घालताना दुखरा हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा. खूप जणी उलटं करतात आणि मग जॅकेटला नावं ठेवतात.

बारीकसारीक

लांब पट्ट्याची पर्स मांडीवर आपटत असेल तर पट्ट्याला गाठ मारून ती कमरेच्या वर आणा. लांब मंगळसूत्र जॅकेटच्या बटणात अडकतं, तेव्हा ते आत सोडा किंवा आखूड घाला. छातीवरच्या खिशात चष्म्याचं घर ठेवू नका, एका बाजूला फुगा येतो. मोबाईल तर अजिबात नाही, त्याच्या वजनाने खांद्याची शिवण घसरते. हे खिसे बसच्या सुट्ट्या पैशांपुरतेच.

पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी हे जॅकेट एकटं पुरत नाही. डेनिममधून वारा आत येतो. आत पातळ स्वेटर घालता येईल एवढी जागा बाहीत आहे का, ते घेतानाच बघावं. परदेशी मुलाबाळांकडे निघाला असाल तर ते विमानात अंगावरच ठेवा. बॅगेचं वजन वाचतं आणि विमानात थंडीही वाजत नाही.

पहिली धुणी झाल्यावर दर वापरानंतर धुवायची गरज नाही. मी सहा-सात वेळा घातल्यावर उलटं करून धुते आणि सावलीत वाळवते. पावसाळ्यात मात्र ते तीन-तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर राहिलं तर कुबट वास धरतं. म्हणून जूनच्या आधी एकदा धुऊन, खडखडीत उन्हात उलटं तासभर ठेवून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते. धातूच्या बटणांवर आधी कोरडं फडकं फिरवते. नाहीतर गणपतीच्या सुमारास काढावं तर काजांभोवती गंजाचे तांबडे गोल पडलेले असतात, आणि ते निळीच्या डागांपेक्षाही चिवट.